सैल स्क्रू

ब्रिस्टल, जानेवारी, दोन हजार सात.
टायरच्या जुन्या गोदामाखालचं तळघर.
दारावरची बर्नडेट मनगटावर शिक्का मारते,
कुठल्याशा पोस्टातून ढापलेला: ‘पोहोच मिळाली’.

तिथं गाणं आधी ऐकू येत नाही.
आधी पँटचे पाय फडफडतात.
मग बरगड्यांच्या आत कुणीतरी कपाट सरकवतं,
नाकाच्या शेंड्याला मुंग्या येतात,
आणि पंगत उठल्यावर पोचलेल्या पाहुण्यासारखे
सगळ्यात शेवटी
कान.

गेथिन मला काहीतरी म्हणाला.
काय, ते आजतागायत कळलेलं नाही.

उजेड म्हणजे एक लाल बल्ब
आणि लेनॉक्सच्या दातांत धरलेली टॉर्च.
तिच्या उजेडात तो तबकड्यांवरची नावं वाचायचा.
नावं कसली, पेन्सिलीनं लिहिलेल्या तारखा.
त्यातली एक त्याच मंगळवारी कोरून आणलेली, मऊ,
पन्नासेक वेळा वाजली की झिजणारी.
सुई थोडं थोडं खरवडून नेते.
दुसरी प्रत नाही.
आपण ऐकतो तेवढी ती संपते,
असं टॅम्झिननं मला संडासाच्या रांगेत सांगितलं,
माझ्या कानाच्या भोकात तोंड घालून,
कुणाच्या तरी आजारपणाबद्दल सांगावं तसं.

मग ती लागली.
कितीतरी वेळ नुसती टिकटिक,
रिकाम्या स्वयंपाकघरात चमचा पडल्यासारखी.
लांबून एका बाईचा हुंकार. मग तोही नाही.
तीनशे माणसं श्वास धरून.
पायाखालची जमीन सरकली म्हणतात ना,
सरकली नाही हो.
वर आली.

लोक भिंती बडवायला लागले, छत बडवायला लागले,
गेथिननं तर माझी पाठच बडवली.
लेनॉक्सनं सुई उचलली, हसला, पुन्हा पहिल्यापासून.
मी मनात म्हटलं: अठ्ठेचाळीस.

आणि ऐन तेव्हा जिन्यावरून मिस्टर पिनॉक उतरले.
लेनॉक्सचे वडील. सत्तरी ओलांडलेली,
फेल्ट हॅट, कडक इस्त्रीची पँट.
ते प्रचंड खोके त्यांनीच बांधलेले, चौऱ्याहत्तर साली,
बर्चच्या फळ्या कापून, घरच्या जेवणाच्या टेबलावर.
(तीन महिने आम्ही उभ्यानं जेवलो,
लेनॉक्सची आई अजून सांगते.)
गर्दी न सांगता बाजूला झाली.
त्यांनी एका खोक्यावर तळहात ठेवला,
गाभण गाईच्या पोटावर ठेवावा तसा.
डोळे मिटले.
आम्हाला वाटलं, म्हातारा रडतोय.

त्यांनी कोटाच्या आतल्या खिशातून स्क्रूड्रायव्हर काढला
आणि मुलाकडे न बघता हात वर केला.
बंद कर.

लेनॉक्सनं बंद केलं. भर रंगात.
पाण्याच्या नळीचा आवाज ऐकू आला.
माझ्या शेजारचा माणूस नाकानं शिट्टी वाजवत श्वास घेतो
हेही मला तेव्हाच कळलं.
ते गुडघ्यावर बसले, सावकाश, एक हात भिंतीला.
डावीकडून तिसरा खोका, खालची पट्टी.
दीड फेरा.
“हं,” म्हणाले.

ती शांतता
मला त्या आवाजापेक्षा जास्त आठवते.

नंतर ते एका क्रेटवर बसून पेपरमिंट चघळत राहिले.
फरक पडला का?
टॅम्झिन म्हणते, पडला, तळ स्वच्छ झाला.
गेथिन म्हणतो, छे, बापाला दाखवायचं होतं
हे घर कुणाचं ते.
मी विचारायला गेले, तर त्यांनी कानातले कापसाचे बोळे दाखवले
आणि मान हलवली.

पाच वाजता मी थेट बेकरीत, कामावर.
कणीक मळायचं यंत्र घरघरत होतं.
त्याच्या पत्र्यावर तळहात टेकवून उभी राहिले,
मालकीण ओरडेपर्यंत.
काहीतरी सैल होतं, नक्की.
कुठं,
ते सापडलं नाही.